पाच महिन्यांपुरती गाडी

२०२५ च्या जूनमध्ये, भर पावसात साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या आमच्या बोळात मी हातात टेप घेऊन लोकांच्या गाड्यांच्या सीटची उंची मोजत फिरत होते. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "सीट कव्हर शिवायची का गं?" त्यांना काय सांगणार, मी गाडी शोधत होते आणि गाडीचं मॉडेल, मायलेज, रंग यातलं काहीच नाही तर जमिनीपासून सीट किती वर आहे एवढंच बघत होते.

झालं असं की माझे वडील, अप्पा, बाथरूमच्या दारात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. डिस्चार्ज देताना फिजिओच्या मुलीनं बजावलं की निदान तीन महिने खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाता कामा नये, म्हणजे सोफा बंद, खाट उंच करायची, कमोडला वर सीट लावायची. आणि गाडीत बसताना पण तेच. मी पुण्यात नोकरी करते, कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली पण महिन्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवायची अट घातली. पुण्यातली आमची गाडी नवऱ्याला रोज चाकणला जायला लागते, ती आणून उपयोग नव्हता. म्हणजे साताऱ्यात पाच महिन्यांपुरती एक गाडी हवी. पाच महिने हा असला बेकार आकडा आहे की भाड्यानं घ्यायला जास्त आणि विकत घ्यायला कमी.

अप्पांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. अप्पा एसटीत ड्रायव्हर, ३१ वर्षं सातारा डेपोला काढली. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "कशाला गाडी घेतीस? गाडी सांगायची, कराडला जायचं, यायचं, पैसं दिलं की नमस्कार." पण त्या वेळी त्यांचं कोण ऐकतंय, आम्ही सगळे शहाणे झालो होतो. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

पहिल्यांदा मी केलं ते म्हणजे पुण्यातून ॲपवर सेल्फ ड्राइव्ह गाडी बुक केली. दिवसाला १,८५० रुपये, डिपॉझिट ५,०००, पेट्रोल आपलं. गाडी नवी कोरी, पण काळी पाटी आणि त्यावर पिवळे आकडे, त्यामुळे बोळात शिरल्या शिरल्या पोरं गोळा झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पांढरी पाटी म्हणजे खाजगी, पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याची टॅक्सी, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्यानं घेऊन आपण स्वतः चालवायची. अप्पांना एवढी वर्षं रस्त्यावर काढून पण हे माहीत नव्हतं, ते म्हणाले, "काळी पाटी म्हंजे कुणाचं तरी वाईट झाल्यागत दिसतंय."

गाडी चांगली होती, सीट खोल. अप्पांचा पार्श्वभाग सीटला टेकेपर्यंत गुडघे छातीशी यायला लागले आणि ते ओरडले. आईने मग घरातल्या जुन्या गादीचा कापूस ठासून भरून एक उशी शिवली, वर सोफ्याचं कापड, दगडासारखी घट्ट. ती घालून कसंबसं जमवलं. फिजिओनं अजून एक युक्ती सांगितली, सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी आडवी करायची, सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची, पेशंटने आधी पाठमोरं होऊन बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. पिशवीमुळे कापडाला कापड अडकत नाही, माणूस गर्रकन फिरतो. मात्र बसवून झाल्यावर पिशवी ओढून काढायची, नाहीतर ब्रेक मारला की अप्पा डॅशबोर्डवर.

नऊ दिवसांनी गाडी परत केली, १६,६५० भाडं झालं, आणि वर बंपरच्या खालच्या बाजूला ओरखडा आहे म्हणून डिपॉझिटमधून ३,२०० कापले. ओरखडा माझा नव्हता असं मला शंभर टक्के वाटतं, पण गाडी ताब्यात घेतली तेव्हा बेसमेंटमध्ये अंधार होता, मी चार फोटो काढले ते पण वरवरचे, बंपरच्या खाली वाकून बघायचं डोक्यातच आलं नाही. कंपनी म्हणते तुमच्या फोटोत दिसत नाही, विषय संपला. तेव्हा कुणी घेणार असाल तर गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून व्हिडिओ काढा, चाकाच्या रिमा, बंपरची खालची कड, छप्पर, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, सगळं एका दमात, टॉर्च लावून.

मग महिन्याच्या भाड्याचं विचारलं. दोन-तीन ठिकाणी फोन केल्यावर सगळ्यात कमी आकडा आला महिना २८,०००, त्यात किलोमीटरची मर्यादा, पुढे प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. पाच महिन्यांचे १ लाख ४० हजार. चुलतभाऊ म्हणाला, "वेडी का काय, एवढ्यात जुनी गाडी येती आन वर ती आपली ऱ्हाती." त्यानेच मध्ये एक तिसरा मार्ग पण काढला होता, त्याच्या ओळखीतला एक जण पांढऱ्या पाटीची स्विफ्ट महिना १५ हजारांवर द्यायला तयार होता, कागद नाही काही नाही, गुगल पे करायचं. ऐकायला बरं वाटलं होतं. पण खाजगी पासिंगची गाडी भाड्यानं देणं मुळात कायद्यात बसत नाही, आणि उद्या काही झालं तर गाडी भाड्यानं दिली होती या कारणावरून विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. त्यात शेजारच्या सीटवर नुकता खुबा बदललेला माणूस. नको म्हटलं.

तर मग टेप. अप्पांच्या गुडघ्यामागची उंची १८ इंच. सीट त्याहून वर पाहिजे, माणूस बसल्यावर दबली तरी. बोळातली अल्टो बाद, माझी फारच आवडती गाडी, मी शिकले त्यावर, पण त्यात बसणं म्हणजे घसरगुंडीवरून उतरणं. वॅगनआर मोजली, २१ च्या वर. दार पण उंच, डोकं वाकवावं लागत नाही. ठरलं, वॅगनआर. लोक म्हणतात दिसायला खोकं आहे, असू दे खोकं.

बजेट दोन लाखांच्या आत. इथे मला एक नवीन गोष्ट कळली जी थोड्या दिवसांसाठी गाडी घेणाऱ्याला फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे आपण घेताना गाडी किती जुनी आहे यापेक्षा आपण विकताना ती कुठे उभी असेल हे बघायचं. पहिली गाडी बघितली ती २०१० ची, अवघी ९० हजार. पण खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे हिचं रीपासिंग त्याच वर्षी. रीपासिंगची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली, वर जुन्या गाड्यांवरचा ग्रीन टॅक्स, आणि गाडी तपासणीत पास व्हावी म्हणून पत्र्याचं काम, लाइटी, हॉर्न हे वेगळंच. मी डिसेंबरच्या तोंडावर विकायला काढणार तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार, पासिंग कधीपर्यंत? स्वस्तातली गाडी स्वस्त का असते ते असं कळतं.

दुसरी होती सांगली पासिंगची, एमएच-१०, २०१४ चं मॉडेल, चकाचक, किंमत संशय यावा इतकी कमी. आमचा मिस्त्री बरोबर होता. त्याने इंजिन उघडलंच नाही, आत बसला आणि पुढचा सीटबेल्ट ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची रेघ. मग सीटखाली हात घालून रुळावरनं बोट फिरवलं, बोटाला मऊ वाळलेला गाळ. "ताई, ही पुरातली हाय." २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेनं सांगलीत किती गाड्या आत घेतल्या ते सगळ्यांना माहीत आहे, त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून आजूबाजूच्या जिल्ह्यांत फिरतायत. वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. शिवाय दुसऱ्या आरटीओची गाडी म्हणजे एनओसीचा, ना-हरकत दाखल्याचा, वेगळा फेरा. पाच महिन्यांसाठी दोन आरटीओ कोण करणार. ठरवलं, साताऱ्याचीच, एमएच-११ घ्यायची.

तिसरी मिळाली कोरेगावला. रिटायर्ड गुरुजी, २०१३ ची वॅगनआर, ८१ हजार किलोमीटर, शेडमध्ये उभी, स्टिअरिंगला लोकरीचं कव्हर आणि मागच्या काचेजवळ छोटा टॉवेल घडी करून ठेवलेला. गेट उघडल्या उघडल्या त्यांच्या घरच्यांनी विचारलं, "मालक न्हाई आलं व्हय?" म्हटलं मालक चाकणला आहेत, घेणारी मीच. मग चहा झाला, अप्पांची चौकशी झाली, गुरुजी अप्पांच्या गाडीनं कधीतरी रहिमतपूरला गेले होते असं निघालं, आणि भाव मात्र २ लाख १० वर तिथेच राहिला.

मिस्त्रीला सकाळी लवकर न्यायचं कारण असं की इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघायचं असतं, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर समजून जायचं. त्याने बॉनेटवर हात ठेवला, थंड. स्टार्ट केली, ऑइलचं झाकण उघडलं, झाकणाच्या आत पांढरा साबणासारखा फेस नाही म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नाही. मागचं मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बघितलं, दाराचं रबर सोडवून पत्र्याचे वेल्डिंगचे ठिपके बघितले, कंपनीचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. टायरवरचा चार आकडी कोड वाचायला मला त्याने शिकवलं, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पुढच्या दोन्ही टायरांवर १४१८, म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा, नक्षी शाबूत पण रबर दगड झालेलं. चॅसी नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी, जुळवला. आणि मग आम्ही गाडी घेऊन थेट साताऱ्यात, यवतेश्वरचा घाट. एसी लावून, दुसऱ्या गिअरवर, चार माणसं. वर पोचल्यावर टेंपरेचरचा काटा मध्यावरच होता आणि क्लचचा वास नाही. साताऱ्यात राहून जुनी गाडी घेताना यवतेश्वर चढवून न बघणं म्हणजे पेढा न चाखता अर्धा किलो बांधून घेणं.

१ लाख ९० ला सुटली. तसलीच गाडी डीलरकडे २ लाख ३५ सांगत होते, त्यांचं पण बरोबर आहे म्हणा, त्यांना त्यांच्या नफ्यावर जीएसटी भरावा लागतो, २०२५ च्या जानेवारीपासून तो सरसकट १८ टक्के झालाय. दोन सामान्य माणसांत व्यवहार झाला तर तो भाग नाही.

आता खरी गंमत. गाडी विकत घेणं एक दिवसाचं काम, नावावर करणं म्हणजे लग्नाची बोलणी. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर आरसीवर अजून बँकेचा बोजा. गुरुजींनी कर्ज फेडून सात वर्षं झाली होती, पण आरसीवरून ते उतरवायचंच राहिलं. बँकेची जुनी एनओसी कुठल्या तरी ट्रंकेत. नवीन काढायची, फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का, यात तीन आठवडे. त्यातच नवीन सुरक्षा नंबरपाटी. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना ती सक्तीची, मुदत सारखी पुढे ढकलत होते म्हणून गुरुजी पण पुढे ढकलत होते. एजंट म्हणाला आधी पाटी, मग टीटी, म्हणजे गाडी नावावर करणं. पाटीचे ८७९ रुपये, तारीख मिळायला दोन आठवडे.

चुलतभावाचं म्हणणं, "कशाला नावावर करतीस? २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर गुरुजींच्या सह्या घेऊन ठेव, पाच महिन्यांनी तशीच पुढच्याला दे, मधलं नाव गाळून टाक." असं सर्रास चालतं हे मलाही माहीत आहे. एका ट्रान्सफरचा खर्च वाचतो, मालकांची संख्या वाढत नाही म्हणून विकताना भाव पण बरा येतो. कायद्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पण माझं मन वळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल झालाय, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातली गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेलेली, कागदावर मात्र पहिलाच मालक, अपघात झाला तेव्हा कोर्टानं सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे मी साताऱ्यात कुणाला धडकवली तर कोरेगावच्या गुरुजींना कोर्टात उभं राहावं लागणार, ज्यांनी मला निघताना घरचे शेंगदाणे दिले. नाही जमणार. दीड लाख दिले, ताबा पावती केली, कागद पूर्ण झाल्यावर ४० हजार द्यायचे ठरले. जुलै संपता संपता गाडी माझ्या नावावर झाली.

या मधल्या काळातली एक गोष्ट. गाडी नावावर नाही म्हणून फास्टॅग पण गुरुजींचाच, मी रिचार्ज करायची पण टोलचा मेसेज जायचा गुरुजींच्या मोबाइलवर. तासवडेचा टोल गेला की गुरुजींना कळायचं आज कराडला तपासणी, आनेवाडीचा गेला की पोरगी ऑफिसला पुण्याला. एका रात्री अप्पांची पोटरी सुजली, हात लावला तर गरम. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, त्यामुळे मी फोन करून थेट निघाले. रात्री अडीच वाजता हायवेवर पाऊस असा की वायपर पूर्ण वेगात आणि पुढे फक्त ट्रकचे लाल दिवे, आई मागे स्तोत्र पुटपुटतीय आणि अप्पा त्या अवस्थेत सांगतायत, "डाव्या अंगानं ऱ्हा, घाई करू नगंस, हितं उंब्रजला पाणी साठतं." तपासणी झाली, गुठळी नव्हती. सकाळी सव्वासहाला फोन, गुरुजी. "रात्री पावणेतीनला तासवडे दिसलं. बरं हाय न्हवं वडलांचं?"

ऑगस्टमध्ये विमा संपला, थर्ड पार्टीच (फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारी) काढली. १००० सीसीच्या आतल्या गाडीला थर्ड पार्टीचा सरकारी दर तेव्हा २,०९४ होता, त्यावर जीएसटी आणि मालकाचा अपघात विमा (पीए कव्हर) धरून २,८५० गेले. १५ ऑगस्टला टोलचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० वेळा किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. हा पास फक्त खाजगी गाड्यांना, भाड्याच्या गाडीला नाही, त्यामुळे मी लगेच घेतला, आणि साडेतीन महिन्यांत ४४ वेळा वापरला. जेमतेम वसूल. उरलेले १५६ मात्र गेले, कारण पास त्या गाडीला चिकटलेला असतो, आपल्याला नाही.

नोव्हेंबरात विकायला काढली तेव्हा बाजार बदललेला. २२ सप्टेंबरपासून छोट्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला होता, आणि प्रत्येक येणारा बॉनेट उघडायच्या आधी तेच वाक्य टाकायचा, "आता नवीनच स्वस्त झाल्यात की." पहिली ऑफर १ लाख ४०. त्यानंतर १ लाख ५२, पण तो म्हणाला नावावर लगीनसराई झाल्यावर करतो. मी म्हटलं मग गाडी पण लगीनसराई झाल्यावर ने. शेवटी लिंब गावाकडचा एक मुलगा आला, दुधाचा धंदा आहे, त्याने १ लाख ६४ हजार दिले आणि टीटीचे पैसे पण त्यानेच. ताबा पावतीवर मी तारखेबरोबर वेळ पण लिहिली, संध्याकाळी ५.१०, कारण चलनावर वेळ असते आणि त्याच दिवशी पोवई नाक्यावर सिग्नल तोडला तर कुणी तोडला हे दाखवता आलं पाहिजे. फास्टॅग त्याच्यासमोर बंद केला.

आता हिशोब, जो मी खरंतर जूनमध्ये करायला हवा होता. घेतली १,९०,०००, विकली १,६४,०००, तोटा २६ हजार. टीटी आणि बोजा उतरवणं एजंटसकट ३,५००. पाटी ८७९. विमा २,८५०. बॅटरी ३,९००, कारण पहिल्याच आठवड्यात बंद पडली. पुढचे दोन टायर ६,८००. सर्व्हिसिंग ४,६००. बेरीज ४८,५२९. महिना साडेनऊ-दहा हजार. २८ हजारांच्या भाड्यापुढे हे काहीच नाही, पावणेदोन महिन्यांच्या भाड्यातच हा सगळा खर्च निघतो. म्हणजे पावणेदोन महिन्यांच्या आतलं काम असेल तर भाड्यानं, वर असेल तर विकत, आणि मी खुशीत नवऱ्याला फोन करून सांगितलं की बघ, पाऊण लाखाच्या वर वाचवले.

नवरा म्हणाला पेट्रोल धरलंस का. ६,२०० किलोमीटर झाले, वीस वेळा कराड, बारा वेळा पुणे, बाकी गावात. ॲव्हरेज १६, पेट्रोल १०४-१०५. साडेचाळीस हजार. टोलचे पाच. एकूण ९४ हजार. ठीक आहे, पेट्रोल भाड्याच्या गाडीला पण लागलंच असतं.

पण मग अप्पांचं वाक्य. गाडी सांगायची. आमच्या कोपऱ्यावरचा गाडीवाला साताऱ्याहून कराडला नेऊन, थांबून, टोल धरून २,२०० घेतो. वीस फेऱ्यांचे ४४ हजार. फिजिओला आठवड्यातून तीनदा रिक्षा, जाऊन येऊन १६०, अठ्ठेचाळीस वेळा, ७,६८०. मी पुण्याला एसटीनं, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, स्वारगेटहून रिक्षा धरून फेरीला ५००, बाराचे ६ हजार. एकूण ५७,६८०. आणि ड्रायव्हर आयता, म्हणजे मी अप्पांना दारात उतरवून पार्किंग शोधत फिरायची गरज नाही.

छत्तीस हजारांचा फरक. दोन-तीन वेळा बेरीज केली. आम्ही सगळे भाड्यानं की विकत यातच अडकून बसलो होतो आणि गावात पिढ्यानपिढ्या चालत आलेली पद्धत हिशोबात धरलीच नाही. पुण्यात राहून सवय गेली म्हणा.

अप्पांना सांगितलं. ते काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते. थांबले, म्हणाले, "मी काय म्हटलं हुतं?" मग दोन पावलं टाकून परत थांबले. "पर त्या रात्री अडीच वाजता त्यो उठला असता का, त्ये काय सांगावं." आणि आणखी दोन पावलांनी, "आन कासला कुणी नेलं असतं." सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत आठवड्यातल्या मधल्या दिवशी आम्ही वर गेलो होतो, अप्पांना चालणं शक्य नव्हतं म्हणून घाटात गाडी बाजूला घेऊन धुक्यात बसलो, भाजलेलं कणीस खाल्लं आणि खाली आलो. फुलं काही बघितली नाहीत. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस शेजारच्या सीटवर बसून खिडकीतून दरी बघत होता, म्हणाला स्टिअरिंग हातात असलं की दरी बघता येत नाही.

ते छत्तीस हजारांत बसवायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी डिसेंबरात पुण्याला परत आले. दहा-बारा दिवसांनी आरटीओचा मेसेज आला की गाडी त्या मुलाच्या नावावर झाली. त्याच आठवड्यात अप्पांचा फोन, रिक्षातून राजवाड्याकडे जाताना त्यांना गाडी दिसली होती. "मागची सीट काढून क्यान ठेवल्यात त्यानं. वर क्यारियर बी टाकलाय." मी विचारलं, चालवतो कशी? म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवतोय. आन तुझ्या आईची उशी हाय पुढच्या सीटवर, काढायची ऱ्हायली वाटतं."